तान्हे लेकरू घेऊन विमानात बसताना

डोक्यावरून विमान जाताना पाहायची नाशिककरांना सवय जुनी आहे. ओझरच्या कारखान्यात १९६० च्या दशकापासून मिग विमाने तयार होऊ लागली. त्यात बसायची सवय मात्र आपल्याला नवी आहे. ओझरला प्रवाशांसाठी इमारत झाली ती २०१४ साली. 'उडान' योजनेतले पहिले विमान तिथून मुंबईला गेले डिसेंबर २०१७ मध्ये, आणि नागपूरचे विमान सुरू झाले मार्च २०२३ मध्ये. वेळापत्रक बदलत असते, कधी एखादा मार्ग बंदही पडतो. पण एक गोष्ट आता मागे जाणार नाही. विमान ही फक्त बंगलेवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही.

फुलेनगर, गंजमाळ, मल्हारखाण, उपनगर या भागांत आरोग्याच्या बैठका घेताना आम्हाला हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, बाळाला घेऊन विमानात बसलं तर चालतं का?" विचारणारी कधी फौजेतल्या जवानाची बायको असते, तिला दिल्लीला जायचे असते. कुणाची लेक हैदराबादला नोकरीला आहे, तिचे बाळंतपण नाशिकला झाले आणि आता बाळ घेऊन परत निघायचे आहे. कुणी सगळ्या कुटुंबाने पैसे साठवून बोधगया ठरवलेले असते. कुणाचा नवरा दुबईला आहे. तिकीट पोरांनी मोबाईलवर काढून दिलेले असते. बाकी काय करायचे ते सांगायला कुणी नसते, आणि विमानतळावर विचारायची लाज वाटते. म्हणून हे लिहितो आहोत.

आधी उत्तर देऊन टाकतो. निरोगी बाळाला विमान चालते. विमान कंपन्या साधारणपणे सात दिवसांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत. आमचे म्हणणे आहे की अगदी नड नसेल तर सव्वा महिना होऊ द्या. जुन्या बायकांचा सव्वा महिना आणि सरकारी दवाखान्याची दीड महिन्याची लस जवळजवळ एकत्रच येतात. ती लस देऊन, त्यानंतरचा एक-दोन दिवसांचा ताप उतरू देऊन मग निघावे. बाळ दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेले असेल, काचेच्या पेटीत राहिलेले असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

कागद आधी, कपडे नंतर

पिशवी भरायला घेण्याआधी कागद काढून ठेवा. दोन वर्षांच्या आतले बाळ आईच्या मांडीवर बसून जाते. त्याला वेगळी सीट नसते, भाडे बरेच कमी असते, पण तिकिटावर त्याचे नाव लागते. दुसरा वाढदिवस झाला की पूर्ण सीट घ्यावी लागते. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत असेल आणि तिकडे मुक्कामात वाढदिवस येत असेल, तर परतीला सीट लागते. हे तिकीट काढणाऱ्या पोराच्या लक्षात येत नाही, आणि काउंटरवर भुर्दंड बसतो.

बाळाचे वय दाखवायला जन्मदाखला लागतो. तो हाताशी नसेल तर लसीकरणाचे कार्ड बहुतेक ठिकाणी चालते. अंगणवाडी ताईंनी दिलेले ते माता-बाल संरक्षण कार्ड, जे आपल्याकडे गादीखाली दुमडून पडलेले असते, तेच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि सोबत ठेवा. वयाचा कोणताच पुरावा नसेल तर कंपनी पूर्ण भाडे मागू शकते. मोठ्यांचे आधार किंवा मतदान कार्ड मूळ असावे आणि तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळावे. तिकिटावर 'पिंकी' आणि आधारवर 'प्रज्ञा' असे झाले तर दारातच अडवतात.

परदेशी जाणाऱ्यांसाठी ही गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. शाळेचा दाखला किंवा आधार ही आधीची पळवाट त्यांच्यासाठी बंद झाली आहे. आपल्या वस्त्यांत जन्माची नोंद होते, पण दाखल्यावर बाळाचे नावच नसते. नुसते आईचे आणि बापाचे नाव. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत मोफत होते. नोंद झाल्यावर बारा महिन्यांत नाव लावायलाही पैसे पडत नाहीत, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून नाव लावता येते. विमानात बसा किंवा बसू नका, हे काम या महिन्यात करून टाका. महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात एक चक्कर मारायची आहे, एवढेच.

कानाचे दुखणे

विमानात लेकरे का रडतात? भुकेने रडतात, झोप मोडली म्हणून रडतात, पण सर्वांत जास्त कान दुखतात म्हणून रडतात.

आपल्या कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिथून घशापर्यंत एक बारीक नळी येते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती नळी उघडते आणि आतबाहेरचा दाब सारखा होतो. विमान वर जाताना आणि खाली येताना बाहेरचा दाब झपाट्याने बदलतो. मोठा माणूस आवंढा गिळतो, कानात 'टक' होते आणि मोकळे वाटते. बाळाची नळी अरुंद आणि आडवी असते, आणि आवंढा गिळ असे त्याला सांगता येत नाही. पडदा आत ओढला जातो आणि ठणका लागतो. वर जाण्यापेक्षा खाली येताना हा त्रास जास्त होतो.

उपाय फुकटचा आहे. विमान धावपट्टीवरून वेग घेऊ लागले की बाळाला अंगावर घ्या. उतरायच्या साधारण अर्धा तास आधीपासून विमान खाली येऊ लागते, तेव्हा पुन्हा पाजा. बाळ झोपलेले असेल तर त्या वेळी उठवा. झोपेत गिळणे कमी होते, आणि बाळ एकदम दचकून किंचाळत उठते. त्यासाठी बाळाला त्या वेळी थोडी भूक राहील असे बघा. बसल्याबसल्या पोटभर पाजून मोकळे होऊ नका. वर्षाच्या पुढच्या मुलाला घोटघोट पाणी किंवा चोखायला काही द्या. तीन-चार वर्षांच्या पोराला खोटी जांभई द्यायला शिकवून ठेवा, घरी खेळ म्हणून.

विमानात अंगावर पाजायला कुणाची परवानगी लागत नाही. ओढणी घ्या, पदर घ्या किंवा घेऊ नका. शेजारचा माणूस तोंड वाकडे करील तर करू द्या. बाळ रडल्यावर तो त्याहून जास्त करील. बऱ्याच विमानतळांवर बाळासाठी वेगळी खोलीही असते. विचारा, दाखवतात.

बाळाला सर्दी असेल तर ती नळी आधीच सुजलेली असते. साध्या सर्दीत मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब उतरण्याआधी घालावेत. कान फुटला असेल, कान ओढत असेल किंवा ताप असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

झोपेचे औषध देऊ नका

हे आम्ही वेगळे आणि ठासून सांगतो, कारण हे चालते आणि गुपचूप चालते. "दोन चमचे सर्दीचे औषध पाजा, मुंबई ते दिल्ली गप झोपतो" असा सल्ला शेजारणीपासून मेडिकलवाल्यापर्यंत कुणीही देतो. सर्दी-खोकल्याच्या औषधांत गुंगी आणणारे द्रव्य असते. लहान बाळाचा श्वास त्याने मंदावू शकतो. काही मुले उलट जास्त किरकिरी होतात. आणि झोपलेले बाळ गिळत नाही, म्हणजे कानाचे दुखणे आणखी वाढले.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसपेक्षा जास्त लेकरे दगावली. औषधात विषारी रसायन निघाले आणि मुलांची मूत्रपिंडे बंद पडली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. ती सगळी गरिबाघरची, साध्या खोकल्याने आजारी पडलेली मुले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखाली सहसा गरजच नसते. आजारासाठी जे औषध देऊ नये असे सांगतात, ते प्रवासात गप बसवण्यासाठी कसे काय द्यायचे?

तापाचे औषध मात्र जरूर बरोबर ठेवा. पॅरासिटामॉलचे थेंब आणि पॅरासिटामॉलचे सिरप ही दोन वेगळी औषधे समजा. थेंबांची बाटली लहान असते पण औषध दाट असते. सिरपच्या चमच्याच्या मापाने थेंब पाजले तर मात्रा कितीतरी पटीने वाढते. बाळाचे वजन करून किती मिलिलीटर द्यायचे ते डॉक्टर किंवा नर्सकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला रबराने बांधा. परगावी मध्यरात्री ताप चढला की डोके चालत नाही, तेव्हा कागद चालतो.

हातातली पिशवी

देशातल्या प्रवासात साधारण सात किलोपर्यंतची एक पिशवी हातात नेता येते आणि पंधरा किलो सामान खाली जमा करता येते. तिकिटावर लिहिलेले असते, ते वाचून घ्या. मांडीवरच्या बाळाला बहुतेक कंपन्या वेगळे मोठे सामान देत नाहीत. जमा केलेली बॅग विमान उतरेपर्यंत मिळत नाही, आणि कधीकधी ती दुसऱ्याच गावाला जाते. म्हणून बाळाला लागणारे सगळे हातात.

दर दोन तासांना एक लंगोट किंवा डायपर असा हिशेब धरा आणि वर चार जादा घ्या. दोन जोड कपडे बाळाला आणि एक जोड आईला. आईचे कपडे कुणीच घेत नाही, आणि बाळ ओकते ते आईच्याच अंगावर. तीन-चार रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या, एक जुने धुवट लुगडे किंवा दुपटे, टोपी, मोजे. विमानात चांगलाच गारवा असतो. ओआरएसच्या दोन पुड्या ठेवा. त्या आशाताईंकडे फुकट मिळतात. एक पूर्ण पुडी एक लिटर पाण्यात, आणि चोवीस तासांत संपली नाही तर फेकून द्यायची. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकून केलेले ओआरएस काही कामाचे नाही.

विमानातली हवा फार कोरडी असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला पाणी नको, आईचे दूध जास्त वेळा द्या, आणि आईने स्वतः पाणी प्यावे. लघवीला जावे लागेल म्हणून आपल्या बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. विमानात संडास असतो, स्वच्छ असतो, जा. पाण्याची रिकामी बाटली न्या; तपासणीच्या पलीकडे पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. आतले विकत पाणी आणि चहा यांचे भाव ऐकून चक्कर येते.

बाळाचे दूध, पेज, उकळलेले पाणी प्रवासापुरते नेता येते. परदेशी विमानात शंभर मिलिलीटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या खाण्याला त्यातून सूट आहे. तपासणीत विचारले तर बाटली काढून दाखवा, घाबरू नका. खायला दशमी, राजगिऱ्याचा लाडू, केळे, उकडलेला बटाटा, मऊ पोळीचा गूळ-तुपाचा लाडू. शेंगदाणे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की चार-पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा काय करतो हे आम्ही मुलांच्या वॉर्डात पाहिले आहे. तिथे दुर्बीण होती, भूल देणारे डॉक्टर होते. विमानात यांतले काहीच नसते.

काय नेऊ नये तेही सांगतो. काडेपेटी आणि लायटर हातातही नाही आणि जमा सामानातही नाही. बोधगयेला मेणबत्ती-अगरबत्ती लावायची असते, पण काडेपेटी तिथेच घ्या. सुके खोबरे नेऊ देत नाहीत. त्यात तेल असते, ते पेट घेते. मिरचीपूड हातात नाही, मसाला मोठ्या बॅगेत टाका. कात्री, चाकू, विळी मोठ्या बॅगेत. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक उलट हातातच, जमा सामानात चालत नाही. पाऱ्याचे थर्मामीटर केबिनमध्ये नेऊ नका. सेलवर चालणारे घ्या, ते फुटत नाही आणि स्वस्तही आहे.

कळसूबाईपेक्षा उंच

मोठे विमान तीस हजार फुटांच्या वर उडते. आत हवेचा दाब यंत्राने वाढवलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढाच असतो. कळसूबाईचे शिखर साधारण ५,४०० फूट. म्हणजे विमानात बसलेले बाळ कळसूबाईच्या माथ्यापेक्षा विरळ हवेत दोन तास श्वास घेत असते. धडधाकट बाळाला याचे काही वाटत नाही. न्यूमोनिया नुकताच झालेला, हृदयाला छिद्र असलेला, रक्त फारच कमी असलेला किंवा तीव्र कुपोषित असा कुणी असेल, तर त्याला ते जाणवू शकते. अशा मुलाला डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय नेऊ नये. गोवर, कांजिण्या अंगावर असताना तर नाहीच.

सिकलसेलबद्दल थोडे जास्त. हा आजार विदर्भातल्या आपल्या समाजात बराच आढळतो, आणि आदिवासी समाजातही. नोकरीधंद्यासाठी विदर्भातून नाशिकला आलेली कुटुंबे आता पुष्कळ आहेत, सोयरिकीही होतात. ज्या मुलाला 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजार आहे, त्याला कमी प्राणवायू, थंडी आणि अंगातले पाणी कमी होणे या तिन्हींमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. विमानात ही तिन्ही एकत्र भेटतात. डॉक्टरांना विचारून निघा, पाणी सतत पाजा, अंग उबदार ठेवा आणि औषधाचा एकही डोस चुकवू नका. 'एएस' म्हणजे वाहक मुलाला सहसा प्रवासाचा त्रास होत नाही. आपले मूल कोणत्या गटात आहे हे माहीत नसेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम चालू आहे, तपासणीला पैसे पडत नाहीत. तान्ह्या बाळाचे हातपाय सुजून ते रडत असेल तर ते सिकलसेलचे पहिले लक्षण असू शकते. मुरगळले असेल म्हणून तेल चोळत बसू नका.

गरोदर बाईला बत्तीस आठवड्यांपर्यंत सहसा अडचण येत नाही. पुढे डॉक्टरांचे पत्र मागतात.

घरापासून सीटपर्यंत

मुंबईहून विमान असेल तर खरा त्रास कसारा घाटातच सुरू होतो. पोरे तिथे ओकतात. निघण्याआधी तेलकट वडापाव, दुधाचा ग्लास देऊ नका. थोडी कोरडी पोळी द्या आणि मुलाला समोर बघायला लावा, मोबाईल देऊ नका. जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीच्या बोगद्यातून पुढे आमण्यापर्यंत पूर्ण झाला आहे, त्यामुळे त्या गाडीने जाणाऱ्यांचा घाट टळतो. पण त्यापुढची ठाणे-मुंबईची गर्दी टळत नाही. देशातल्या विमानाचे काउंटर सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. लेकरू बरोबर असेल तर अडीच तास आधी दारात असावे.

तपासणीत बाळाला झोळीतून बाहेर काढून हातात घ्यायला सांगतात. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. चांदीचे वाळे, करदोटा यांनी यंत्र वाजले तर सांगा, एवढेच. ही तपासणी साहेबांचीही होते. आपल्यालाच वेगळे काढले असे मनात आणू नका. लहान मूल असलेल्यांना बऱ्याचदा आधी आत सोडतात, रांगेत मागे उभे न राहता विचारा.

आत गेल्यावर मांडीवरच्या बाळासाठी एक छोटा पट्टा मिळतो, तो आईच्या पट्ट्यात अडकवतात. दिला नाही तर मागा. आपल्या एकाच पट्ट्यात बाळाला गुंडाळू नका. झटका बसला तर आईचे सगळे वजन बाळावर येते. वरून प्राणवायूचे मुखवटे पडले तर आधी आपला लावायचा, मग बाळाचा. ऐकायला निष्ठुर वाटते, पण आई बेशुद्ध पडली तर बाळाला कोण लावील? आणि बाळ मांडीवर असताना गरम चहा घेऊ नका. भाजलेली किती मुले अशाच एका कपाने आलेली आम्ही पाहिली.

डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, पाटणा, गया या बाजूला दाट धुके पडते आणि विमाने तासन्‌तास खोळंबतात. थंडीतच बोधगयेची गर्दी असते, म्हणून हे लक्षात ठेवावे लागते. २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर धुक्याशिवायच देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली आणि माणसे लेकरांसह विमानतळाच्या फरशीवर झोपली. म्हणून बाळाचे खाणे, लंगोट आणि औषध नेहमी एका रात्रीपुरते जादा असावे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून जास्त रखडले, तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे असते. ते आपणहून विचारत येतीलच असे नाही. काउंटरवर जा, बोर्डिंग पास दाखवा आणि मागा. सहा तासांहून जास्त उशीर होत असेल तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मागता येतात.

उतरल्यावर बाळ थोडा वेळ किरकिर करील, एखादी रात्र झोप बिघडेल. दुसऱ्या दिवशीही कान ओढत असेल, कानातून पाणी येत असेल किंवा ताप असेल, तर त्या गावच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. लसीचे कार्ड आणि औषधाच्या मापाचा कागद तेव्हाही बरोबर न्या.